साडेपाच हजार किलोमीटरला आठ तास कसे लागतात?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी टपालात आणि मेलमध्ये विमानाचेच प्रश्न जास्त, आणि तेही सामानाचे किंवा तिकिटाचे नाहीत, तर दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ यांचा मेळ का बसत नाही याचे. म्हणून म्हटलं एकदाच सगळे घेऊन टाकू. काही प्रश्न लांबलचक होते ते कापलेत, रागावू नका.

प्रश्न : लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अंतर नेटवर ५,५५० किमी दाखवतं. विमानाचा स्पीड ताशी ९०० धरला तर सहा तास दहा मिनिटं येतात. तिकिटावर मात्र जाताना जवळजवळ आठ तास आणि येताना सात. हे मधले दोन तास जातात कुठे? एअरलाइनवाले मुद्दाम फुगवून सांगतात का?

उत्तर : थोडं फुगवतात, हो. पण दोन तासांतला तो छोटा हिस्सा आहे, बाकीचं खरंच खर्च होतं.

तिकिटावर जी वेळ असते ती उडण्याची वेळ नसते. गेटवरून विमान मागे ढकलतात तिथे घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या गेटला लागून चाकांना ठोकळे लावले की थांबतं, याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे रनवेपर्यंत सरपटत जाणं, पुढे सात-आठ विमानं असतील तर त्यांच्या मागे रांगेत उभं राहणं, हे सगळं त्यातच आलं. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाला पोल्डरबान नावाचा एक रनवे आहे, २००३ मध्ये सुरू झालेला, तो टर्मिनलपासून इतका लांब आहे की उतरल्यावर गेट यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, मधे विमान चक्क हायवेवरच्या पुलावरून जातं आणि खिडकीतून बघितलं तर खालून गाड्या धावत असतात. त्या वीस मिनिटांत तुमच्या अंतरात काहीच भर पडत नाही, पण वेळ मात्र मोजला जातो.

मग ते ९००. तो आकडा वर ३५-३८ हजार फुटांवर पोचून सगळं सेट झाल्यावरचा आहे. तिथे जायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि बऱ्याच देशांत दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६० किमी, याच्या वर स्पीड न्यायचा नाही असा नियम आहे. उतरतानाही तेच. शिवाय विमान काही नाक सरळ रनवेकडे करून सुटत नाही, वारा ज्या दिशेचा असेल त्याच्या समोर तोंड करून उडायचं आणि उतरायचं असतं, त्यामुळे जायचंय पश्चिमेला आणि उड्डाण पूर्वेकडे असंही होतं, मग वळा, ठरलेल्या मार्गाला लागा. पोचल्यावर गर्दी असेल तर हवेत घिरट्या घाला. हीथ्रोजवळ अशा घिरट्यांच्या चार ठरलेल्या जागा आहेत, एकावर एक अशी विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने फिरत असतात आणि एक फेरी साधारण चार मिनिटांची. तीन फेऱ्या म्हणजे बारा मिनिटं गेली.

उरला वारा. या मार्गावर सगळ्यात मोठा खेळ त्याचाच आहे, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून, त्याचं सविस्तर पुढच्या प्रश्नात येतंय.

आता फुगवण्याबद्दल. विमान ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर आलं असंच जगभर धरतात, आणि वेळेवर येण्याची टक्केवारी एअरलाइन मिरवतात, मग टाइमटेबल करतानाच दहा-पंधरा मिनिटं जास्त टाकली की काम झालं. म्हणून तर अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं आणि पायलट अभिमानाने सांगतो की आपण वेळ भरून काढली. भरून काढली वगैरे काही नाही, ती आधीच खिशात होती.

तुम्हाला घरबसल्या अंदाज हवा असेल तर अंतराला ८५० ने भागा आणि वर अर्धा ते पाऊण तास टाका. तुमच्या ५,५५० ला साडेसहा अधिक पाऊण, सव्वासात तास. जाण्या-येण्याच्या मधलंच उत्तर आलं की नाही!

प्रश्न : जाताना वारा विरुद्ध आणि येताना सोबत, म्हणजे जेवढा वेळ एकीकडे गेला तेवढा दुसरीकडे वाचला, एकूण हिशोब सारखाच ना? मग वाऱ्याचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : ऐकायला बरोबर वाटतं, पण नाही, रिटर्न प्रवासात वारा नेहमी तोट्याचाच. गणित करून बघा, सोपं आहे. अंतर घ्या ५,४०० किमी आणि विमानाचा स्पीड ९००. वारा नसेल तर सहा आणि सहा, बारा तास. आता ताशी १०० चा वारा घ्या. सोबत असताना १,००० ने भागायचं, ५ तास २४ मिनिटं. विरुद्ध असताना ८०० ने, ६ तास ४५ मिनिटं. बेरीज १२ तास ९ मिनिटं. नऊ मिनिटं म्हणजे किरकोळ, पण वारा २०० चा करा, मग ४ तास ५५ आणि ७ तास ४३, बेरीज १२ तास ३८ च्या आसपास. वारा दुप्पट झाला आणि तोटा चौपट. कारण एवढंच की विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, त्यामुळे त्याला तुमचं नुकसान करायला वेळही जास्त मिळतो.

आणि २०० हा आकडा काही गंमत म्हणून घेतलेला नाही. साधारण नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जे जोरदार झोत असतात, जेट स्ट्रीम, त्यांचा स्पीड हिवाळ्यात ताशी २०० च्या पुढे सहज जातो आणि कधीकधी ४०० च्याही वर. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने तातेनो इथून फुगे सोडून सोडून हे वारे मोजले होते, पण अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगात सगळ्यांना कळावं म्हणून, आणि झालं असं की जवळजवळ कुणीच वाचला नाही.

याचा फायदा कसा घेतात बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ आलं होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा स्पीड ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग साधारण १,२२५ असतो म्हणून लगेच आवाजाच्या पुढे गेलं अशा बातम्या फिरल्या, पण ते तसं नव्हतं, विमानाचा स्वतःचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजायचा आणि तो नेहमीसारखाच होता, हवाच त्याला घेऊन चालली होती. खरंखुरं आवाजापेक्षा वेगाने जायचं काम कॉन्कॉर्ड विमानाचं, त्याने ७ फेब्रुवारी १९९६ ला हाच प्रवास २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत केला.

अजून एक मला फार आवडणारं उदाहरण. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १४,००० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती पॅसिफिकवरून नेली, अंतर झालं १५,३०० च्या आसपास, म्हणजे तेराशे किमी जास्त, आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी झाला, कारण पूर्वेकडे जाताना वारा सगळा पाठीमागून. त्यामुळे जवळचा रस्ता तोच लवकरचा असं विमानात धरून चालता येत नाही.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग हेलिकॉप्टर एकाच जागी वर उभं ठेवलं तर खालून पृथ्वी फिरेल आणि पश्चिमेकडचं शहर आपोआप खाली येईल. असं का करत नाहीत? सरांना विचारलं तर हसले.

उत्तर : सरांनी हसायला नको होतं, प्रश्न चांगला आहे बाळा, मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १,६७० किमी वेगाने फिरतो (घेर ४०,०७५ किमी, भागिले २४, तूच करून बघ). पण जमिनीसोबत तिच्यावरची हवाही त्याच वेगाने फिरते, आणि हेलिकॉप्टर जमिनीवर उभं असताना त्याच्याकडेही तोच वेग असतो, वर उठलं म्हणून तो जात नाही. धावत्या ट्रेनमध्ये बॉल वर फेकला तर तो मागच्या डब्यात जाऊन पडतो का? तुझ्याच हातात येतो ना, तसंच.

पण तुझ्या सरांना एक गोष्ट सांग. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी काहीच संबंध नाही असं मात्र नाहीये. विषुववृत्तावरची गरम हवा वर उठून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वळत वळत पूर्वेकडे जाते, आधीच्या उत्तरातला जेट स्ट्रीम त्यातूनच तयार होतो. म्हणजे पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो त्याच्या मुळाशी पृथ्वीचं फिरणंच आहे, फक्त तू म्हणतोस त्या पद्धतीने नाही.

प्रश्न : सीटसमोरच्या स्क्रीनवर विमानाचा रस्ता नेहमी कमानीसारखा वाकलेला दिसतो. सरळ का जात नाहीत?

उत्तर : सरळच जातात हो, नकाशा वाकडा आहे.

गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हटलं की कुठेतरी ताणावंच लागतं. आपण शाळेत बघितलेले बरेच नकाशे मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या १५६९ मधल्या पद्धतीचे, त्यात ध्रुवांकडचा भाग इतका फुगतो की ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता नसतो. जवळचा रस्ता म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापलेल्या वर्तुळाचा तुकडा, ग्रेट सर्कल म्हणतात त्याला. घरी पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल तो रस्ता.

माद्रिद आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, ४० अंशांच्या थोडं वर. नकाशावर बघून वाटतं की डावीकडे तोंड करून सुटायचं आणि त्याच रेघेवरून जायचं. तसं गेलात तर साधारण ५,९४० किमी पडतील. ग्रेट सर्कलने ५,७७० च्या आसपास, पण त्यासाठी मधे ४६ अंशांपर्यंत उत्तरेला चढावं लागतं. पावणेदोनशे किमी वाचले. दोन शहरं जितकी उत्तरेला आणि एकमेकांपासून जितकी लांब तितका हा फरक वाढत जातो, म्हणून न्यूयॉर्क–हाँगकाँगसारखी विमानं थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातात आणि नकाशावर ते बघून माणूस चक्रावतो. उलट विषुववृत्तावर किंवा सरळ उत्तर-दक्षिण जायचं असेल तर नकाशावरची रेघ आणि खरा रस्ता एकच.

प्रश्न : तीन वेबसाइटवर त्याच दोन शहरांचं अंतर बघितलं, तीन वेगळे आकडे. कोणता खरा?

उत्तर : बहुतेक तिन्ही खरे असतील, फक्त प्रत्येकाने वेगळंच काहीतरी मोजलेलं असतं.

पहिल्यांदा एकक बघा. लंडन–न्यूयॉर्कचे ५,५५० किमी म्हणजेच ३,४५० मैल आणि म्हणजेच ३,००० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा, वैमानिक आणि जहाजवाले तोच वापरतात, साधा मैल १,६०९ मीटरचा, आणि बऱ्याच साइट नुसतं मैल लिहून मोकळ्या होतात.

दुसरं, शहर की विमानतळ. लंडनच्या नावाने सहा विमानतळ आहेत, हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी आणि साउथएंड. टोकियोचं नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किमी लांब आणि हानेदा पंधरा-वीस किमीच्या आत. शहराच्या मध्यबिंदूपासून मोजलं तर हे सगळे फरक हिशोबात येतच नाहीत. म्हणून शहराचं नाव टाकण्यापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका, एलएचआर, जेएफके, एनआरटी असा. नावातही घोळ असतो हे विसरू नका, कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे ही दोन वेगळी शहरं, सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी एक कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि चुकीच्या सिडनीचं तिकीट काढून तिथे पोचलेले प्रवासी खरोखर झालेत.

तिसरं कारण बारीक आहे. पृथ्वी बरोबर चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित दबलेली, केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किमी आणि ध्रुव ६,३५७. काही साइट सरळ गोल धरून ६,३७१ ची सरासरी त्रिज्या वापरतात, काही दबलेला आकार धरून करतात. यातून येणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, दहा हजार किमीला फार तर पन्नास. त्यासाठी भांडत बसू नका. पण फरक शे-दोनशेचा असेल तर एकक किंवा विमानतळ तपासा.

आणि अंतराखाली जे 'फ्लाइट टाइम' म्हणून छापलेलं असतं ते तर बघूच नका. तो नुसता भागाकार असतो, पहिल्या प्रश्नात तुमच्यासारख्याच एका वाचकाने केलाय तसा, ना वारा ना रांग. वेळ हवी तर त्या मार्गावर खरंच उडणाऱ्या फ्लाइटचं टाइमटेबल उघडा, ते वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बनलेलं असतं.

प्रश्न : हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी साडेनऊ तासांत जात होतो, आता तेरा तास लागतात. विमानं हळू झाली का?

उत्तर : नाही, रस्ता बंद झालाय. अंतर ७,८०० किमीच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक भाग रशियावरून. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय देशांच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, मग फिनएअर या फिनलंडच्या एअरलाइनने काय केलं, काही फ्लाइट उत्तर ध्रुवावरून पलीकडे अलास्काच्या बाजूने खाली आणायला सुरुवात केली आणि काही दक्षिणेकडून मध्य आशियावरून. दोन्हीकडून तीन-साडेतीन तासांचा फेरा. विमानतळ जागच्या जागी आहेत, नेटवर अंतर बघाल तर अजून तेच ७,८००.

रस्ता वाकवणारी कारणं फक्त राजकारणाची नसतात. हिमालय आणि तिबेटचं पठार घ्या. विमान त्यांच्या वरून आरामात जाऊ शकतं, उंचीचा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम असा की केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला ताबडतोब दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन सर्वसाधारण विमानात पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट. खाली यायचं कुठे? म्हणून तिथून जाणाऱ्या फ्लाइट कमी, आणि ज्या जातात त्या जास्त ऑक्सिजन घेऊन आणि सुटकेचे रस्ते आधी ठरवून.

समुद्रावरही असंच. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, म्हणून दोन इंजिनवाली विमानं किनारा धरून, बेटाबेटांवरून जायची. १९८५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनला बोईंग ७६७ विमानासाठी १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि अटलांटिक मोकळा झाला. आज एअरबसच्या ए३५० विमानाला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे, त्यामुळे या कारणाने होणारे वळसे जवळपास संपलेत.

प्रश्न : मुलगी टोकियोहून संध्याकाळी पाचला निघाली आणि लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी अकराला पोचली असं तिकिटावर आहे. निघायच्या आधी पोचली! खरा प्रवास किती तासांचा ते कसं काढायचं?

उत्तर : दहा तासांचा. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेत, आणायच्या आणि मग वजाबाकी करायची, दुसरं काही डोक्यात आणायचं नाही. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, म्हणजे संध्याकाळचे पाच तिथे सकाळचे आठ. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात सात तास मागे, म्हणजे सकाळचे अकरा तिथे संध्याकाळचे सहा. आठ ते सहा, दहा तास. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली म्हणून तारीख मागे गेली एवढंच. परत येताना बारा तासांच्या आसपास लागतील आणि वर एक दिवस उडाल्यासारखा वाटेल, तेव्हा तिला घाबरू नकोस म्हणावं.

मी 'उन्हाळ्यात' लिहिलं ते मुद्दाम. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या. त्यामुळे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक एरवी पाच तासांचा असतो तो मार्चमध्ये दोन-तीन आठवडे चारच तासांचा होतो, आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा एक आठवडा तसंच. जपान घड्याळ बदलतच नाही. फ्लाइट तेवढीच असते, तिकिटावरची पोचायची वेळ मात्र एका तासाने सरकलेली दिसते आणि लोक म्हणतात एअरलाइनने शेड्यूल बदललं.

प्रश्न : सगळ्यात लांब आणि सगळ्यात छोटी फ्लाइट?

उत्तर : लांब : सिंगापूर ते न्यूयॉर्क जेएफके, साधारण १५,३५० किमी, पावणेएकोणीस तासांच्या आसपास. छोटी : स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किमी, टाइमटेबलवर दोन मिनिटं, आणि वारा चांगला असताना ५३ सेकंदांत उरकलेली आहे. त्यातही घड्याळाच्या हिशोबाने जमिनीवरचा वेळ जास्तच.

प्रश्न : युरोपात फ्लाइटला खूप उशीर झाला तर भरपाई अंतरावर ठरते असं वाचलं. माझी कनेक्टिंग फ्लाइट होती, मग दोन्ही टप्प्यांची बेरीज धरायची का?

उत्तर : नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात १,५०० आणि ३,५०० किमी असे टप्पे आहेत. एकाच बुकिंगमध्ये कनेक्शन असेल तर अंतर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंत थेट ग्रेट सर्कलने मोजायचं, विमान मधे कुठे फिरून गेलं ते धरायचं नाही, असं तिथल्या न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे वळसा घालून गेलात म्हणून भरपाई वाढत नाही. अर्ज करताना कोड टाकून अंतर स्वतः काढा आणि त्यात लिहा, समोरच्याने काढून द्यायची वाट बघू नका.

प्रश्न : दादा, साधा प्रश्न. आईला आणायला विमानतळावर जायचंय, विमान सव्वादहाला येतंय. मी बाहेर किती वाजता उभा राहू? मागच्या वेळी दीड तास ताटकळलो.

उत्तर : आधी बघा की सव्वादहा हा टाइमटेबलचा आकडा आहे की त्या दिवशीचा. टाइमटेबलचा असेल तर त्याला फार किंमत देऊ नका, विमान उडाल्यावर फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपमध्ये त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे नवा अंदाज येतो तो घ्या, लांबच्या फ्लाइटमध्ये तो अर्धा-पाऊण तास अलीकडे-पलीकडे असू शकतो. मग हेही बघा की तो आकडा चाकं टेकायचा आहे की गेटला लागायचा. ॲपवर लँडेड दिसलं म्हणजे आई उठून उभी राहिली असं नाही, गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, दार उघडून पुढच्या रांगा रिकाम्या व्हायला अजून तेवढीच, परदेशातून येत असतील तर इमिग्रेशन, मग पट्ट्यावर बॅगा. गेटच्या वेळेनंतर देशातल्या फ्लाइटला अर्धा तास आणि बाहेरच्या देशातून आलेल्या फ्लाइटला तास-सव्वातास धरून तिथे पोचा. आणि आईंना व्हीलचेअर घेतली असेल तर बहुतेक वेळा त्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, पण इमिग्रेशनला वेगळ्या रांगेतून पुढे नेतात, तेव्हा वेळेत फार फरक पडत नाही. फोन उचलला नाही तर लगेच घाबरू नका, बऱ्याचदा तो एअरप्लेन मोडवरच राहिलेला असतो.